बादलीतलं रान

ऑफिसातल्या बायका आजकाल मला कुंड्यांबद्दल विचारतात. मी पाटबंधारे खात्यात कारकून आहे. धरणाच्या पाण्याचे कागद रोज माझ्या टेबलावरून जातात, म्हणून झाडाला पाणी किती घालायचं ते मला कळत असेल असा कुणाचा समज असेल तर तो चुकीचा आहे. विचारणाऱ्या प्रत्येकीला पहिल्या फटक्यात गुलाबच लावायचा असतो. उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग. मी म्हणते, बाई, आधी मेथी लाव. मेथी चार दिवसांत उगवते, महिन्यात खाता येते, आणि मेली तरी कुणी रडत नाही. गुलाब मेला की माणसं कुंड्या भंगारवाल्याला देऊन टाकतात.

हे आज शहाणपणानं सांगते खरी, पण मला झाडांची हौस कधीच नव्हती. मी कुंड्या मांडल्या त्या मायला अडकवून ठेवायला. दुसरं काही कारण नव्हतं.

माय म्हणजे माझी आई. भोकरकडच्या गावात तिचा जन्म दुसऱ्यांच्या रानात गेला. खुरपणी, कापूस वेचणी, हळद काढणी. आमची स्वतःची जमीन नव्हतीच, घर होतं तेवढं. बाप गेल्यावर ती एकटी राहिली आणि सुजलेले गुडघे घेऊन तरी रोजानं जातच राहिली. भाऊ लातूरला असतो, त्यानं आधी नेऊन पाहिलं. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, एका गॅलरीतून दुसऱ्याची गॅलरी दिसते, नळाला पाणी आलं की सगळी बिल्डिंग कामधंदा सोडून भांडी भरते. माय तिथं आठवडाभर टिकली. "माणसं कोंडल्यात का कोंबड्या?" म्हणाली आणि गावी परत गेली.

मग दिवाळी झाल्यावर मी तिला नांदेडला आणलं. विष्णुपुरीच्या रस्त्याला आमचं छोटं रो-हाउस आहे. पुढं दोन बाजा मावतील एवढी फरशी आणि कमरेएवढी कंपाउंडची भिंत. येतानाच ती म्हणाली, "होळीपस्तोर राहते." मला ती कायमची राहायला पाहिजे होती. एवढीच काय ती गोष्ट, आणि तेवढीच तिला मान्य नव्हती.

लेकीच्या घरी राहत नसतेत, हे एक. बसून खाणं जमत नाही, हे दुसरं. आणि तिसरं, ज्यानं माझं डोकं फिरायचं: माझ्या घरात ती प्रत्येक गोष्ट विचारून करायची. "चहा ठेवू का गं?" "ही साबण घेऊ का?" "पंखा लावू का?" मी म्हणायची, अगं माय, घर तुझंच आहे. ती मान हलवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायची. पालथ्या घड्यावर पाणी.

ही लाचारी नव्हती, हे मला पक्कं ठाऊक आहे. लहानपणी मी तिच्याबरोबर रानात गेले की ती बजावायची, मालकिणीला इचारल्याबिगर काडी मोडायची न्हाई. शेंग नाही, कणीस नाही, बांधावरची बोरं नाहीत. विचारून घेतलं की संध्याकाळी मान वर करून घरी जाता येतं, असा तिचा कायदा. त्यात तिची इभ्रत होती. पण माझ्याच घरात तिनं मला मालकीण करून ठेवावं, याचा मला राग यायचा. फार राग यायचा.

म्हणून कुंड्या. हाताला काम लागलं तर माणूस राहील, असं मला वाटलं.

कुंड्या तरी कसल्या! शेजारी रंगकाम झालं होतं, त्यांच्याकडून रंगाच्या रिकाम्या बादल्या मागून आणल्या. नवऱ्यानं सळई तापवून बुडाला भोकं पाडली. पाडली म्हणजे काय, एकेका बादलीला एकेक, तेही शेंगदाण्याएवढं. तो शाळेत गणित शिकवतो. पाण्याला बाहेर पडायला किती जागा लागते, हे त्या गणितात नसावं.

मातीचा विषय निघाला तेव्हा मायचा चेहरा नांदेडला आल्यापासून पहिल्यांदा उजळला. "माती मी आणते," म्हणाली. गावी गेली, ज्या रानात तिनं जन्मभर खुरपलं त्याच्या मालकाला विचारलं आणि दोन पोती काळी माती टेम्पोत घालून घेऊन आली. "हिच्यात दगड पेरला तरी उगवंल," ती म्हणाली. मीही मान डोलावली. काळ्या मातीवर आपल्याकडं कुणी शंका घेत नाही. नर्सरीवाला लाल माती देत होता, ती आम्ही दोघींनी नाक मुरडून परत केली. "ही काय माती हाय? विटकरीचा भुगा!" माय त्याला तोंडावर म्हणाली. त्याच्याकडून एक जास्वंद तेवढं घेतलं, तेही तो नाराज होऊ नये म्हणून.

आम्ही बादल्या काठोकाठ, दाबून दाबून भरल्या. मिरचीची रोपं लावली, वांगी लावली. मग पाणी. ऑफिसला जाताना मी घालायची, दुपारी माय घालायची, संध्याकाळी नवरा कौतुकानं घालायचा. अति तिथं माती म्हणतात, इथं तर माती आधीपासूनच होती. मिरचीची पानं पिवळी पडली. पाणी कमी पडत असेल म्हणून आम्ही आणखी घातलं. वर तळं साचलेलं, खालून थेंब गळत नाही. दोन दिवस ऊन लागलं की त्याच चिखलाला बोट जाईल एवढ्या भेगा. रोपं एकामागून एक माना टाकत गेली.

मायला ते फार लागलं. रोपांचं नाही, मातीचं. "तुझ्या डब्यातच खोट हाय," म्हणाली. मी म्हणाले, "मातीत असेल." झालं. दिवसभर माझ्याशी बोलली नाही. सुट्टीच्या दिवशी मात्र तिनंच एक बादली उचलून फरशीवर पालथी केली. आख्खा गोळा बाहेर आला, बादलीच्या आकाराचा. वरून विटेसारखा टणक, तळाला गिच्च ओला, आंबूस वास, मुळं काळी पडलेली. माय उकिडवी बसून बघत राहिली. मग म्हणाली, "रानाला बूड नसतंय गं. पाणी जातंय खाली, कुठं जातंय कुणाला ठावं. डब्याला बूड हाय."

तिला हे आधीच ठाऊक होतं असं सांगता आलं असतं तर छान झालं असतं. पण नव्हतं. जन्मभर काळ्या मातीत उभी राहिलेली ती आणि मोबाइलवर व्हिडिओ बघणारी मी, दोघीही सारख्याच अडाणी निघालो. बादली तिलाही नवीच होती.

तेव्हा नवीन शिकणारीनं लक्षात ठेवायचं ते हे. भोकं करंगळी जाईल एवढी पाडावीत, आणि चार-पाच पाडावीत. बुडाला फुटक्या माठाच्या खापऱ्या टाकाव्यात. काळी माती घ्यायचीच असेल तर तिच्यात निम्मी वाळू आणि जुनं, कुजलेलं शेणखत घालावं. ताज्या शेणानं मुळं जळतात. आम्ही वाळू मिसळत होतो तेव्हा मायचा जीव तुटत होता. "सोन्यात वाळू कालवून राहिलीस," म्हणाली. पण कालवली तिनंच, माझ्या हातांनी ते नीट होईना म्हणून. पाणी रोज घालायचं नाही. मातीत बोट खुपसायचं, दोन पेरं कोरडं लागलं तर घालायचं, नाहीतर गुमान घरात जायचं. माणसाला प्रेम दाखवायला पाण्याइतकं सोपं काही सापडत नाही, म्हणून शहरातली निम्मी झाडं बुडून मरतात.

आणि फिल्टरमधून बाहेर पडणारं टाकाऊ पाणी झाडाला घालू नये. आमच्या बोअरचं पाणी मुळात खारं. फिल्टर त्यातला खारेपणाच तर बाजूला काढतो. पाणी वाया जाऊ नये या कंजूषपणापायी मी ते बरेच दिवस घातलं. लातूरच्या भावानंही तेच केलं आणि चांगला वाढलेला कढीपत्ता घालवला. तिकडची माणसं आंघोळीचं पाणीसुद्धा जपून वापरतात, त्यांना सांगायचं तरी कसं? कुंडीच्या कडेला पांढरा थर धरला की समजावं. भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी मात्र खुशाल घालावं.

दुसऱ्या खेपेला उगवलं. मिरचीची नवी रोपं लागली, मेथी आली, धने लाटण्यानं हलके दुभंगून पेरले ते आले, बाजारातल्या पुदिन्याच्या जुडीतल्या नुसत्या काड्या खोवल्या त्याही धरल्या. केळीच्या गाड्यावर अर्धापूरच्या केळ्यांबरोबर वाळका पाला येतो, तो माय गाडीवाल्याला विचारून घेऊन यायची आणि बुडाशी अंथरायची, ओल टिकायला. मिरचीवर मावा पडला तेव्हा राख पाहिजे म्हणाली. गॅसच्या घरात राख कुठली? कोपऱ्यावर कोळशाची इस्त्री करणारा बसतो, त्याच्याकडून मूठभर मागून आणली. महिन्याभरात गल्लीतले सगळे तिला ओळखायला लागले. मला तिथं राहून इतकी वर्षं झाली, मला कुणी ओळखत नाही.

मेथी मात्र तिनं मला फेकून पेरू दिली नाही. बादलीत बोटानं ओळी ओढल्या. "अगं, हे काय वावर आहे?" मी हसले. "वळीत असलं की कळतंय, आपलं काय अन् तण काय," ती म्हणाली. मी ते ऐकलं आणि सोडून दिलं.

सगळं हिरवं झालं आणि माझा डाव फसला. ती रमली होती, पण कशी? कामाला आल्यासारखी. सकाळी पदर खोचून, डोक्याला फडकं बांधून दारात उभी राहायची. "आज काय काम हाय?" दुपारची भाकर बाहेर फरशीवर बसून खायची. आत ये म्हटलं की, "हात मातीचे हायत." पहिली मेथी खुडायला आली तर, "खुडू का गं?" पौर्णिमेला विहारात न्यायला जास्वंदीची दोन फुलं पाहिजेत, तरी, "घेऊ का?" ते झाड तिनंच जगवलेलं! नवरा म्हणाला, "असू दे ना, त्यांना बरं वाटतंय." त्याला काय कळणार? मला मजूर नको होती, मला आई पाहिजे होती. मजूर काम संपलं की घरी जाते.

थंडी सरत आली तेव्हा मला रंगाची हौस सुटली. पिटुनियाचं पाकीट आणलं. बी कसलं, नुसती भुकटी. मिरचीच्या बादल्यांत रोपांच्या भोवती जागा मोकळी होती, तिथं ते भुरभुरलं आणि मायला सांगायचं राहिलं. बरेच दिवस काही दिसेना. मग बारीक पानं आली, मी रोज सकाळी चष्मा लावून बघायची. एक दिवस संध्याकाळी घरी आले तर बादल्या लख्ख. मिरची तेवढी उभी. माय खुशीत होती. "लई तण माजलं होतं. दिसभर बसून काढलं बघ."

उपटलेलं सगळं तिनं कोपऱ्यात ढीग करून ठेवलं होतं. एकूणएक मुळासकट. एकही रोप मध्येच तुटलेलं नव्हतं. असली खुरपणी आता कुणाला येत नाही.

"माय, ती फुलं होती," मी म्हणाले. आवाज चढवला नाही. पण तोंड उतरलं असणार, कारण तिनं आधी ढिगाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "नुसकान केलं मी तुझं," ती म्हणाली.

"जाऊ दे गं! चिमूटभर बी ते, कसलं नुकसान!"

कशाचं काय. तिच्या जगात मालकाचं पीक उपटलेली बाई दुसऱ्या दिवशी कामावर येत नसते. कुणी ये म्हणत नाही, आणि म्हटलं तरी ती जात नाही. त्याच दिवशी जेवताना तिनं सांगून टाकलं, "रविवारी जाते मी."

मी समजावलं, रागावले, शपथ घातली. भावाचा लातूरहून फोन आला, "तू तिला काही बोललीस का?" आता बोला! नवऱ्यानं विनवलं तर पदर सारखा करून म्हणाली, "न्हाई जावाई, गावाकडं घर बंद हाय." बंद घरात तिची कोण वाट बघत होतं? मला दिसत होतं, ही आता गेली की पुन्हा येणार नाही. दुसऱ्याच दिवसापासून रोजानं जाईल, आणि कुठल्या तरी दिवशी कुणाच्या तरी रानात खाली बसेल ती उठणार नाही. हे मी तिला तोंडावर बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "रानातच की. दुसरीकडं कुठं?" मी हात टेकले. तिच्याच सांगण्यावरून नवऱ्यानं रविवारी सकाळची रिक्षा सांगितली.

रविवारी मी तिच्या वाटेसाठी भाकरी थापत होते. ती बाहेर होती. जायच्या दिवशीही फडकं बांधून बादलीत बोट खुपसून बघत होती, कुणाला पाणी पाहिजे, कुणाला नको. तेवढ्यात मागच्या गल्लीतली एक बाई आली. मी तिला खिडकीतून बऱ्याचदा पाहिलं होतं. सकाळी फिरायला निघते आणि हातातल्या पिशवीत लोकांच्या भिंतीवरची फुलं भरत जाते. कॉलनीतल्या निम्म्या देवांची पूजा अशीच चालते. दोन फुलांसाठी कोण भांडणार म्हणून मी कधी बोलले नव्हते. माय बादल्यांच्या आड बसलेली तिला दिसली नाही. तिनं भिंतीवरून हात घातला, जास्वंदीची फुलं तोडली आणि त्यांच्याबरोबर एक कळीही.

"इचारलं का कुणाला?" माय उभी राहिली.

बाई दचकली, मग हसली. "अहो मावशी, देवाला नेतेय."

"देवाला न्या की. पण इचारलं का?"

"आता दोन फुलांना काय विचारायचं? आणि तुम्ही इथं कामाला आहात ना? मी मॅडमना सांगेन हं."

मी पिठाचे हात तसेच घेऊन दारापर्यंत आले होते. डोक्याला फडकं, हात कोपरापर्यंत मातीचे. कुणालाही तसंच वाटलं असतं. मी तोंड उघडणार, त्याआधी माय बोलली.

"हाव. कामाला हाय," ती म्हणाली. "कामाला बी हाय, अन् घर बी माझंच हाय. मुकी कळी कामून तोडली तुम्ही? उद्याच्याला फुलली असती ती! फुललेलं मागा, मी माझ्या हातानं देते. कळीला हात लावायचा न्हाई, सांगून ठेवते!"

आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला असेल. समोरच्या घराची खिडकी उघडली. नवरा तोंडात ब्रश धरून माझ्या मागं येऊन उभा राहिला. बाई "बरं बाई, विचारीन" असं काहीतरी पुटपुटत निघून गेली. मायनं आम्हाला पाहिलंच नव्हतं. ती जास्वंदीची फांदी हातात धरून, कुठं कुठं मोडलंय ते बघत, त्या बाईच्या नावानं बोटं मोडत होती. इतके महिने मी तिला घर तुझं आहे म्हणून कानीकपाळी ओरडत होते. मला तिनं कधी हो म्हटलं नाही, आणि एका परक्या बाईला भांडणाच्या भरात सांगून टाकलं. मला रडू आलं. पिठाच्या हातांनी डोळेही पुसता येईनात.

फाटकापाशी रिक्षा येऊन थांबली. "मावशी, बसस्टँड ना? चला, बसा," रिक्षावाला म्हणाला.

मायनं त्याच्याकडं पाहिलं. मग मान वळवून मला म्हणाली, "त्याला जाय म्हण. ह्या बाया दिवसाढवळ्या कळ्या तोडून राहिल्यात. मी गेले तर हितं राखण कोण करंल, तू?"